बाबांचं डोपामिन कमी, माझं जास्त: हे एकच का?

देवगड तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे, थोडा आवरून देतो. ‘वडील ६६ वर्षांचे, घरची कलमं सांभाळतात. दोन वर्षांपूर्वी पार्किन्सनचं निदान झालं. डॉक्टर म्हणाले, मेंदूतलं डोपामिन कमी झालंय, गोळी कायमची. मी पुण्यात नोकरीला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रील्स बघत बसतो, म्हणून समुपदेशकाकडे गेलो, तर ते म्हणाले तुमचं डोपामिन फार वाढलंय, डिटॉक्स करा. एकाच घरात एकाला कमी, एकाला जास्त? हे एकच डोपामिन का? मग बाबांच्या हातात मोबाइल दिला तर त्यांचं वाढेल का? रक्त तपासून कळतं का? आणि शेजारच्या काकांनी खाजकुइलीच्या बियांची पूड दिलीय, ती चालेल का?’

मी गेली २३ वर्षं कुडाळ-मालवण पट्ट्यात मेडिसिनची प्रॅक्टिस करतो. मेंदूविकारतज्ज्ञ गाठायचा तर गोव्यात बांबोळी नाहीतर कोल्हापूर, त्यामुळे निदान तिकडे झालं तरी कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनचे, पेशंट दर महिन्याला माझ्याचकडे असतात. मोबाइलचा प्रश्न विचारताना तुम्हाला स्वतःलाच थोडं हसू आलं असेल. मला आलं नाही. बाकीच्या सगळ्या प्रश्नांची किल्ली त्याच प्रश्नात आहे.

पदार्थ एकच आहे. पण आमच्याकडे एखाद्या वाडीत वीस घरं आणि वीसही सावंतांची असतात. पाकिटावर नुसतं ‘सावंत’ लिहिलं तर पोस्टमन दिवसभर फिरत राहील. वाडी कुठली, घर कुठलं, हे लागतंच. ‘डोपामिन’ हा शब्द म्हणजे नुसतं आडनाव. कमी झालं किंवा वाढलं असं कोणी म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा: कुठल्या वाडीतलं?

कच्चा माल साधा आहे. प्रथिनांत टायरोसिन नावाचा घटक असतो. बांगडा, कुळथाची पिठी, अंडं, डाळ, कशातूनही तो मिळतो, आणि कमी पडलाच तर यकृत दुसऱ्या एका अमिनो आम्लापासून तयार करून घेतं. टायरोसिनपासून लेव्होडोपा, लेव्होडोपापासून डोपामिन. काही पेशींत गाडी आणखी पुढे जाते आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन, अ‍ॅड्रिनलिन तयार होतं. तेव्हा ‘डोपामिन वाढवणारे दहा पदार्थ’ असलं काही समोर आलं तर वाचू नका. केळ्यात थेट डोपामिनच असतं, सालीत तर जास्तच. पण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो पहारा आहे तो डोपामिनला आत सोडत नाही. लेव्होडोपाला सोडतो. बाबांची गोळी ‘डोपामिनची’ नसून लेव्होडोपाची आहे, ती याच कारणानं.

मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्यातल्या मध्यमेंदूत बसून डोपामिन बनवणाऱ्या पेशी साधारण चार ते सहा लाख. २०११ च्या जनगणनेत आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात साडेआठ लाखांच्या आसपास माणसं होती, म्हणजे त्याहूनही कमी. एवढ्याशा पेशी, पण एकेकीच्या फांद्या इतक्या पसरलेल्या की एक पेशी लाखो ठिकाणी जाऊन टेकते.

बाबांच्या आजाराची वाडी यातलीच. मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजीच्या सरांनी आम्हाला एकदा मध्यमेंदूच्या दोन चकत्या शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या होत्या. एकीत दोन्ही बाजूंना भुवई काढल्यासारखी काळसर रेघ. दुसरीत त्याच जागी रेघ जवळजवळ पुसलेली, पिठलं लावल्यासारखी फिकट. दुसरी चकती पार्किन्सनच्या पेशंटची. त्या रेघेचं नावच ‘काळा पदार्थ’ अशा अर्थाचं लॅटिन आहे. तिथल्या डोपामिनच्या पेशींत एक गडद रंगद्रव्य साठत जातं, पेशी मेल्या की रंगही जातो. २३ वर्षांत मी पुष्कळ एमआरआय बघितले, पण ती पुसलेली भुवई डोळ्यांपुढून गेली नाही.

निम्म्याच्या आसपास पेशी जाईपर्यंत हातापायांत फारसं काही दिसत नाही. म्हणून ‘दोन वर्षांपूर्वी झाला’ हे खरं नाही, दोन वर्षांपूर्वी दिसला. त्याआधीच्या खुणा मागे वळून बघितलं की सापडतात. बद्धकोष्ठ. झोपेत हातवारे करणं, ओरडणं, बाजूला झोपलेल्याला लाथ बसणं. वास जाणं. एका बाईंनी मला सांगितलं होतं की यांना घरात सुकट भाजलेली कळेनाशी झाली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. कोकणी घरात भाजलेल्या सुकटीचा वास येत नसेल तर ते लक्षण म्हणून पुरेसं ठळक आहे! आणखी एकांचा चेक बँकेतून परत आला, सही जुळेना. अक्षर मुंगीएवढं झालं होतं आणि घरात कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तुमच्या बाबांची चार वर्षांपूर्वीची आंब्याची वही काढून आजच्या पानाशी ताडून बघा.

आता डोपामिन तिथे नेमकं काय करतं? ते स्नायू हलवत नाही. बाबांच्या हातापायांत ताकद आहे. ‘ही हालचाल सुरू कर, इतक्या जोरानं कर, एवढा खर्च परवडतो’ असा होकार त्या वाडीतून मिळावा लागतो आणि तो उशिरा व तुटपुंजा मिळतो. शर्टाचं बटण लावायला दहा मिनिटं लागतात ती याच्यामुळे.

हे मला पुस्तकात कळलं नव्हतं, शिमग्यात कळलं. माझे एक पेशंट पूर्वी मच्छीमार बोटीवर तांडेल होते. घरात चालताना उंबऱ्यापाशी आले की पाय थिजायचे. ‘पाय जमनीक चिकाटतत,’ म्हणायचे. पाच पाच मिनिटं दाराच्या चौकटीला धरून उभे. त्या वर्षी पालखी दारात आली, ढोल वाजायला लागला आणि हे उठले, खळ्यात उतरले, आणि पालखीला खांदा देऊन तालावर आठ-दहा पावलं नाचले. ढोल थांबला आणि तिथेच खांबासारखे उभे राहिले. दोघांनी धरून आणलं. दुसऱ्या दिवसापासून वाडीत चर्चा: ‘सोंगां करता तो.’ सूनबाईही रडवेली होऊन मला विचारायला आली, खरंच सोंग आहे का.

सोंग नव्हतं. आपण आपलं आपण उठून चालायला लागतो तेव्हा मेंदू डोपामिनवर चालणारा रस्ता वापरतो. बाहेरून ताल आला, डोळ्यांसमोर रेघ आली, तर मेंदूला दुसरा रस्ता मिळतो, लहान मेंदूकडून जाणारा, आणि तो बराच शाबूत असतो. त्या घरात मग आम्ही उंबऱ्याआधी जमिनीवर एकेका पावलाच्या अंतरानं पिवळ्या चिकटपट्ट्या मारल्या, आणि त्यांना मनातल्या मनात भजनाचा ठेका धरायला सांगितलं. आजार तोच राहिला, पण उंबरा सुटला. बाबांचे पाय कधी असे अडकू लागले तर हे लक्षात ठेवा, आणि त्यांना मागून ढकलू नका. पडतात.

या सगळ्याचा शोध जिथून लागला तिथे आपल्याकडची एक वनस्पती आहे, म्हणून थोडं विषयांतर. सर्पगंधा. रक्तदाबावर तिचा उपयोग होतो हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. पुढे तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. रक्तदाब उतरायचा, पण काही पेशंट मलूल व्हायचे, काहींना चक्क कंपवातासारखं व्हायचं. स्वीडनमध्ये आर्व्हिड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे गोळा होऊन पडले, हलेनात. मग त्यांना लेव्होडोपा टोचलं आणि ससे पुन्हा फिरू लागले. ही १९५७ ची गोष्ट. तोवर डोपामिन म्हणजे अ‍ॅड्रिनलिन बनताना मधे लागणारा एक टप्पा, असंच समजत. व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिविच यांनी १९६० मध्ये पार्किन्सनच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिन खरोखरच जवळजवळ नाहीसं झालेलं दाखवलं, आणि १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोटझियास यांनी तोंडावाटे, हळूहळू मात्रा चढवत औषध देऊन माणसं चालती केली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. बाबांची सकाळची गोळी त्या सशांपर्यंत जाते, आणि ससे सर्पगंधेपर्यंत.

आता तुमच्या वाडीकडे येऊ.

मालवणच्या धक्क्यावर एक म्हातारे गृहस्थ गरी घेऊन बसलेले असायचे. सुंगटाचं आमिष लावायचं, दोर सोडायचा, दोन बोटांवर तो तोलून धरायचा आणि गप्प. तीन तासांत हाती काय, तर कधी एक गोबरा, कधी काहीच नाही. मी एकदा म्हटलं, आजोबा, एवढ्या वेळात बाजारातून आणलीत तर ताजी मासळी मिळेल की. ते वर न बघता म्हणाले, ‘मासो गावता म्हणान नाय ओ डॉक्टर, गावतलो म्हणान बसतंय.’ मिळतो म्हणून नाही, मिळेल म्हणून.

डोपामिनवर मी जेवढं वाचलं त्यात याहून नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही. ‘गावता’ आणि ‘गावतलो’ यांतला फरक हाच सगळा विषय आहे. लोकांच्या डोक्यात डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन असं बसलंय. मासा हाती आला की डोपामिन, गोड खाल्लं की डोपामिन. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या या पेशींचे सिग्नल एकेक करून टिपले. अचानक फळाचा रस मिळाला की पेशी जोरात बोलायच्या, इथवर ठीक. पण रसाआधी दर वेळी दिवा लागायला लागला, तेव्हा काही दिवसांत पेशी दिवा लागताच बोलायला लागल्या आणि रस आला तेव्हा गप्प. दिवा लागूनही रस आला नाही, तर ज्या क्षणी यायला हवा होता त्या क्षणी त्या नेहमीपेक्षाही खाली गेल्या. म्हणजे पेशी मोजत होत्या तो फरक: वाटलं होतं काय आणि झालं काय. वाटल्यापेक्षा बरं झालं तर वर, वाईट झालं तर खाली, जसं वाटलं तसंच झालं तर काहीच नाही. आजोबांच्या बोटांवर दोराला पहिला झटका बसतो, तो त्यांचा दिवा. दर वेळी दोर टाकताच मासा लागला असता तर ते आठवड्यात कंटाळून घरी गेले असते.

आणखी एक. केंट बेरिज यांनी उंदरांवर केलेल्या कामात दिसलं की मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलं तरी उंदराच्या जिभेवर साखरेचा थेंब टाकला की तो चाटण्याची पसंती दाखवतोच. फक्त उठून साखरेपर्यंत जात नाही. आवडणं शिल्लक राहतं, हवंहवंसं वाटणं जातं. उलटंही घडतं: हवंहवंसं वाटत राहतं आणि आवड कधीच संपलेली असते. रात्री दीड वाजता तुमचा अंगठा वर सरकतो त्या वेळी तुम्हाला खरंच मजा येत असते का? मला वाटतं नाही. पुढचा काहीतरी भारी असेल. गावतलो.

म्हणून तुमचं डोपामिन ‘वाढलंय’ हे मला पटत नाही. शेकडो वेळा गरी टाकायची सवय तुमच्या मेंदूनं शिकून घेतलीय, आणि फोन समोर दिसणं हाच तुमचा दिवा झालाय. व्हिडिओ गेम खेळताना डोपामिन सुटतं हे लंडनच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं, पण ते चांगल्या जेवणानंही सुटतं. त्यावरून मोबाइल आणि कोकेन एका माळेत ओवणं बरोबर नाही. कोकेन सुटलेलं डोपामिन परत आत घेणारा दरवाजाच बंद करतं. आपल्याकडचं जास्त जवळचं उदाहरण मिश्रीचं. ‘मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ म्हणणाऱ्या किती मावश्या मी बघतो. त्यातलं निकोटिन डोपामिनच्या पेशींना थेट चाळवतं, शिकवणीची गरजच ठेवत नाही. दात गेले, हिरड्या गेल्या, तोंडाची चव गेली, तरी सकाळी बोट डबीकडे जातं. आवडीचा मागमूस नसतो.

‘डोपामिन डिटॉक्स’ (काही दिवस फोनसारख्या गोष्टी सोडून डोपामिन उतरवायचा सल्ला) हा शब्द २०१९ च्या सुमारास अमेरिकेतून सगळीकडे पसरला. नावात खोट आहे. डोपामिन हे विष नाही, ते धुवून काढता येत नाही, आणि खरंच काढलं तर तुम्ही कार्लसनच्या सशासारखे पडून राहाल. पण त्या सल्ल्यातला साधा भाग उपयोगाचा आहे. दिवा विझवा. फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत लावा, उठायला साधं गजराचं घड्याळ घ्या. उशाशी फोन ठेवून निग्रह करणं म्हणजे बाजारात उभं राहून उपास करणं. पहिले आठ-दहा दिवस चिडचिड होईल, कारण मेंदू रसाची वाट बघतो आणि रस येत नाही. ती घसरण खरीच असते. मला हे सांगण्याचा फार अधिकार नाही. दोन पेशंटच्या मधे मीही व्हॉट्सअ‍ॅप उघडतो आणि तिथे काय बघितलं ते मला तिसऱ्या पेशंटला आठवत नाही. आणि समुपदेशकाकडे जाणं सोडू नका. त्यांनी शब्द चुकीचा वापरला असेल, मदत चुकीची असेलच असं नाही.

वाड्या वेगळ्या हे मी इतकं घासून का सांगतोय, तर त्यात माझी एक चूक आहे. पार्किन्सनसाठी लेव्होडोपाखेरीज दुसऱ्या गटाच्या गोळ्या असतात, प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल. त्या डोपामिनचं सोंग घेऊन पेशींवर बसतात. एका निवृत्त गृहस्थांना मी प्रामिपेक्सोल चालू ठेवलं, मात्रा वाढवली. चालणं छान सुधारलं, मी खूश. चार महिन्यांनी बायको एकटीच आली. नवऱ्यानं ऑनलाइन रमीत लाखभर रुपये घालवले होते, घरात न लागणाऱ्या तीन ड्रिल मशीन येऊन पडल्या होत्या, आणि घरचे गाऱ्हाणं घालायला निघाले होते, कोणीतरी करणी केली म्हणून. उभ्या आयुष्यात पत्त्याला हात न लावलेला माणूस. या गोळ्यांनी असं होऊ शकतं हे मला माहीत होतं, छापील आहे ते, पण मी विचारलं नव्हतं. पायांसाठी दिलेली गोळी हवंहवंसं वाटण्याच्या वाडीतही पोचली होती. हळूहळू गोळी उतरवली, काही आठवड्यांत रमी सुटली. पैसे परत आले नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येकाला, आणि त्याच्या घरच्यांना वेगळं, विचारतो: खरेदी, जुगार, खाणं, लैंगिक वागणं, काही बदललं का? बाबांच्या चिठ्ठीवर या नावांपैकी काही असेल तर तुम्हीही विचारा. लाजेनं लोक सांगत नाहीत.

याचा आरसाही आहे. भास होणं, कोणीतरी मागावर आहे असं वाटणं, अशा मानसिक आजारात डोपामिनची क्रिया एका भागात जास्त झालेली असते, म्हणून ते रोखणारी औषधं देतात. भास जातात, पण तीच औषधं काळ्या रेघेच्या वाडीतही पोचतात आणि हात थरथरतात, चेहरा कोरा होतो. मानसिक आजाराच्या औषधांचं हे डॉक्टरांच्या लक्षात असतं. मला जास्त भीती वाटते ती साध्या दिसणाऱ्या गोळ्यांची. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड. चक्करसाठी सिनारिझिन, डोकेदुखीसाठी फ्लुनारिझिन. आठवडाभरासाठी दिलेली चक्करची गोळी मेडिकलमधून स्वतःच आणत दोन-दोन वर्षं घेणारी माणसं आहेत, आणि कंपवात म्हणून माझ्यासमोर बसतात. गोळी बंद केली की काही आठवड्यांत, काहींचं काही महिन्यांत, बरंचसं ओसरतं. तेव्हा बाबांच्या सगळ्या गोळ्या, पाकिटासकट, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. आणि त्यांना उलटी झाली तर मेटोक्लोप्रामाइड नको, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

मेंदूबाहेरचं डोपामिन हा पुन्हा वेगळा गाव आहे, थोडक्यात सांगतो. मेंदूच्या बुडाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीला ते प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) आवरतं धरायला सांगतं; ते रोखणाऱ्या उलटीच्या गोळ्यांनी कधी कधी बाळंत नसलेल्या बाईलाही दूध येतं, ते यामुळे. मूत्रपिंडात ते मीठ बाहेर टाकायला मदत करतं. डोळ्याच्या पडद्यावर उजेडाशी जुळवून घ्यायला लागतं. आयसीयूत रक्तदाब कोसळला की डोपामिनची ड्रिप लावत. मी शिकत होतो तेव्हा कमी डोसमध्ये ती मूत्रपिंडं वाचवते असं घोटून घेतलं होतं. २००० साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या मोठ्या चाचणीत ते खोटं ठरलं. आता शॉकमध्ये पहिली पसंती नॉरअ‍ॅड्रिनलिनला. ही ड्रिप चालू असलेल्या पेशंटला कसला आनंदही होत नाही आणि त्याचा कंपवातही सुधारत नाही, कारण तो पहारा.

रक्ताच्या तपासणीचं उत्तर यातच आलं. रक्तातलं डोपामिन मेंदूतल्या डोपामिनबद्दल काही सांगत नाही. ही तपासणी काही दुर्मीळ गाठींसाठी करतात, त्याखेरीज पैसे घालवू नका. बाबांचं निदान बघून, चालवून, हात फिरवून आणि गोळीला मिळालेल्या प्रतिसादावरून होतं.

मोबाइल दिला तर? त्या वाडीत डोपामिन सोडणाऱ्या पेशीच उरल्या नसतील तर रील बघून सोडणार कोण. पण अगदीच ‘नाही’ म्हणून सोडून देता येत नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये २००१ साली पार्किन्सनच्या पेशंटना औषध म्हणून नुसतं मीठपाणी टोचलं, आणि स्कॅनमध्ये त्यांच्या मेंदूत खरं डोपामिन सुटलेलं दिसलं. बरं वाटेल या आशेनं, उरलेल्या पेशींनी सोडलेलं. म्हणजे गावतलो इथेही आहे. तेवढ्यानं आजार हटत नाही, पण तुम्ही चतुर्थीला येणार म्हटल्यावर बाबा दोन दिवस बरे चालतात असं आई म्हणत असेल तर ती उगाच म्हणत नाही.

खाजकुइली. काकांची थट्टा करू नका. त्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं, १९३७ साली मद्रासच्या संशोधकांनी ते वेगळं काढून दाखवलं, म्हणजे मेंदूत डोपामिनचं काम कळायच्या वीस वर्षं आधी. कपिकच्छू म्हणून आयुर्वेदात ती आहेच. मला अडचण ती खोटी असण्याची नाही, खरी असण्याची आहे. गोळी चालू असताना वर चमचाभर पूड गेली तर तो चोरून वाढवलेला डोस होतो. किती, ते कोणालाच कळत नाही, कारण प्रत्येक बीला प्रमाण वेगळं. हातपाय वेडेवाकडे हलणं, उभं राहताना रक्तदाब उतरून पडणं, भास होणं, हे सगळं मी पाहिलंय. शिवाय गोळीत लेव्होडोपाच्या जोडीला कार्बिडोपा असतं. ते लेव्होडोपाचं वाटेतच, पोटात आणि रक्तात, डोपामिन होऊ देत नाही. त्यामुळे कमी डोस पुरतो आणि मळमळ कमी होते. पुडीत तो साथीदार नाही. घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून, त्याप्रमाणे गोळीचा हिशेब बदलून. लपवून नाही.

गोळीच्या वेळेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण माझ्या मते सगळ्यात जास्त फरक तिथे पडतो. लेव्होडोपा आतड्यातून आत शिरतं त्याच दारातून प्रथिनांचे घटक शिरतात. बाबा दुपारी माशाचं तिखलं-भात जेवताना गोळी घेत असतील तर दारात गर्दी होते आणि गोळी मागे राहते. मग ‘दुपारची गोळी लागतच नाही’ अशी तक्रार येते आणि डोस वाढवला जातो. जेवणाआधी अर्धा ते एक तास, पाण्याबरोबर. सकाळी मळमळत असेल तर दोन घोट पेजेबरोबर चालेल, पेजेत प्रथिनं अगदी थोडी. मासे बंद करायची गरज नाही, उलट ही माणसं वाळत जातात, त्यांना खायला हवं. लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि या गोळीत दोन तासांचं अंतर.

आणि ही गोळी एकदम बंद होता कामा नये. एकदम तोडली तर अंग लाकडासारखं ताठून कडक ताप चढतो, जीवावर बेततं. पावसात घाट बंद पडला, गावातल्या मेडिकलवाल्याकडे माल आला नाही, असं दर वर्षी कुठे ना कुठे होतं. मृगापूर्वी महिनाभराचा जादा साठा घरात हवा. ऑपरेशनसाठी कुठे दाखल केलं तर उपाशी ठेवायचं आहे म्हणून ही गोळी चुकवू नये. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी विचारून घ्या.

तुमच्या मोबाइलचा एक उपयोग मात्र मला हवाय. पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा सकाळच्या गोळीआधी एक आणि गोळीनंतर तासाभरानं एक, असे दोन व्हिडिओ काढा. ओटीवरून उठून खळ्यातल्या तुळशीपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. मग पाच सेकंद दोन्ही हातांच्या चिमट्या उघडझाप. संध्याकाळच्या गोळीच्या आधीही एक काढता आला तर उत्तम. केबिनमध्ये सात मिनिटांत मला जे दिसत नाही ते त्यात दिसतं. फक्त पाय फ्रेममध्ये येऊ द्या. सगळे जण चेहऱ्याचाच काढून आणतात.